भिकननानांचं लाल सील

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत, टायरवाला आणि सीटकव्हरवाला यांच्या मधल्या दुकानात, एका भिंतीवर मेलेले स्पीकर टांगलेले आहेत. त्यांच्या काळ्या पडद्यांवर पांढऱ्या रंगात एकेक शब्द लिहिलेला आहे. ‘मेहुणा’. ‘गोधडी’. ‘सरकी’. ‘हळदीचा दिवस’. नवीन गिऱ्हाईक ते वाचून आधी हसतं आणि मग विचारतं, हे काय आहे? त्यातलं बरंचसं अक्षर माझं आहे. शाळेच्या फळ्यावर मी रोज लिहितो, पण ते रोज पुसलं जातं. त्या भिंतीवरचं टिकून आहे, आणि ते माझं आहे हे सांगताना आजही माझी मान थोडी ताठ होते.

दुकान भिकननानांचं. गाडीतले स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि सबवूफर यांची दुरुस्ती हे त्यांचं काम. सबवूफर म्हणजे डिकीत लाकडी डब्यात बसवलेला मोठा स्पीकर; त्यातून फक्त खालचा, जाड आवाज निघतो, जो कानापेक्षा छातीला आधी कळतो. आमच्या खानदेशात लग्नाची गाडी असो, केळीची पिकअप असो की काळी-पिवळी जीप, त्यात सबवूफर नसेल तर मालकाला गाडी अर्धीच घेतल्यासारखी वाटते. आणि सबवूफर आला की तो एक दिवस जळतोच. जळला की लोक नानांकडे येत. धुळ्यातले येत, शिंदखेड्याचे येत, पार जळगावच्या पलीकडून, केळीच्या पट्ट्यातूनही येत.

मी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातला. आईवडील कोरडवाहू शेती करत आणि उरलेल्या दिवसांत मजुरीला जात. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला. धुळ्याला एका खासगी शाळेत शिक्षकाची नोकरी लागली तेव्हा मला राहायला जागा मिळाली ती नानांच्या दुकानाच्या वरची खोली. पहिल्याच संध्याकाळी नानांनी मला दुकानात बोलावलं, बसलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे वळवून उभं केलं आणि म्हणाले, “हाऊ आमना मास्तर. त्याना घरमा पहिला ग्रॅज्युएट शे. आते मन्हा दुकानवर राहस.” जणू माझी पदवी त्यांच्या दुकानाच्या पाटीत भर घालणार होती. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. तोवर माझं शिक्षण असं चारचौघांत कुणी मिरवलं नव्हतं.

नाना नम्र नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. डिंक आणि डाखाच्या धुरात दिवस काढणारा हा माणूस रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून येई आणि संध्याकाळी त्यावर डाग नाही हे दाखवी. केसांना मेंदी, खिशात कंगवा. तारुण्यात त्यांनी विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग केलं होतं. मोटारीची तांब्याची तार गुंडाळणारे हात स्पीकरच्या बारीक कॉइलवर आले, त्याची गोष्ट ते कुणालाही, न विचारता सांगत. शेवटी म्हणत, “धुळापाईन जळगावलगून, छातीवर हात ठेईसन कारण सांगणारा एकच शे.” मग थोडं थांबून, “समोरच बठेल शे.”

कारण. हा त्यांचा शब्द. जळलेला स्पीकर घेऊन कुणी आलं की ते लगेच हात लावत नसत. खुर्ची देत, पाणी देत. आमच्याकडे कुणाच्या घरी मयत झाली की दारावर बसायला जातात आणि हळू आवाजात चौकशी करतात, तशीच नाना करत.

“कवय गया?”

“काल दुपारी, नाना.”

“जवळ कोण व्हतं?”

“मी होतो, मेहुणा होता.”

“शेवटलं गाणं कोणतं व्हतं?”

इथे गिऱ्हाईक हसे. नाना हसत नसत. कारण गाणं कळलं की आवाज किती होता ते कळे, आणि मेहुण्याचं नाव निघालं की बटणं कोणी फिरवली ते कळे. मग ते स्पीकरचा पडदा दोन्ही तळव्यांनी सारखा दाबत. आत काही घासलं की कॉइल जळून फुगली. मग नाक जवळ नेऊन वास घेत. “स्पीकर आपोआप मरत नही,” ते म्हणत. “कोणीतरी मारस.” आणि मारणारा सापडल्याशिवाय नवा बसवायचा नाही, हा त्यांचा नियम. घाईचं गिऱ्हाईक चिडे, निघून जाई, आणि दुसरीकडे बसवलेला पुन्हा जाळून परत येई.

कारण सापडलं की तो मेलेला स्पीकर भिंतीवर जाई आणि मला खाली बोलावणं येई. “मास्तर, अक्षर पाहिजे.” मी ब्रश घेऊन कारण लिही. ‘गोधडी’चा किस्सा असा, की एका काळजीवाहू मालकाने धूळ बसू नये म्हणून ॲम्प्लिफायरला घरची गोधडी पांघरली होती, ती ऐन मे महिन्यात. ‘सरकी’ तर नानांची आवडती. बोदवडकडच्या एका कापूसवाल्याला कुणीतरी सांगितलं, डब्यात कापूस भरला की आवाज गोल येतो. ते खोटं नाही, डब्यात भरण मारतात. पण विकत कशाला घ्यायचं, म्हणून त्याने आपल्या शेतातला वेचलेला कापूस भरला, सरकीसकट. वास लागला उंदरांना. त्यांनी सरकी खाल्ली, मग वायर खाल्ली, मग पडद्याची कड खाल्ली. तो माणूस डबा घेऊन आला तेव्हा आत उंदराची पिल्लं होती. “बाळंतीण वाजाडत व्हता तू!” नाना त्याला म्हणाले, आणि ही गोष्ट ते इतक्या रंगात सांगत की टायरवालाही पाना ठेवून ऐकायला येई.

दुरुस्ती झाली की शेवटचं काम उरे, आवाज बसवण्याचं. ॲम्प्लिफायरवर एक बारीक स्क्रू असतो, त्याला गेन म्हणतात. तो जास्त फिरवला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज कॉइल जाळतो. हा स्क्रू नाना मीटर लावून बसवत, पण त्यावर थांबत नसत. गाडीच्या मालकाच्या घरातली सगळ्यात म्हातारी बाई त्यांना लागे. आई, आजी, आत्या, कुणीही. तिला मागच्या सीटवर बसवायचं, गाणं लावायचं, आणि नाना डिकीपाशी उभं राहून साध्या आवाजात विचारत, “माय, जेवण व्हयनं का?” तिला ऐकू गेलं आणि तिने न ओरडता उत्तर दिलं, तर स्क्रू तिथेच. नाही तर थोडा मागे. मग खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढून त्या स्क्रूवर एक थेंब. हे नानांचं सील. ते सुकलं की स्क्रू जागचा हलला तरी कळे. सील तुटलेलं असेल तर नाना ती गाडी पुन्हा दारात उभी करत नसत.

एकदा माझे आईवडील मला भेटायला आले होते. त्याच वेळी दुकानात एक मोठी गाडी तयार होती, मालक एकटाच आलेला, सोबत म्हातारं कुणी नाही. नानांनी सरळ माझ्या आईला हाक मारली. “माय, इकडे या. मागे बठा.” माझी आई तोवर एसटी आणि ट्रॅक्टरशिवाय कशात बसली नव्हती. ती पायातल्या चपला बाहेर काढून आत बसली. गाणं लागलं. नानांनी विचारलं, “जेवण व्हयनं का?” आई म्हणाली, “काय म्हणतस रे भाऊ? पोटमा धडधड व्हई ऱ्हायनं.” नानांनी स्क्रू मागे घेतला. पुन्हा विचारलं. असं आई ‘हां, आते बरं शे’ म्हणेपर्यंत चाललं. तो मालक पूर्ण वेळ किल्ली हातात घेऊन उभा होता. वडील भिंतीला टेकून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्या पदवीच्या दिवशीसुद्धा मी पाहिलं नव्हतं.

आता प्रल्हादचं सांगायला हवं, कारण नानांची खरी उंची मला तिथे कळली.

प्रल्हाद हा केळीच्या पट्ट्यातल्या एका गावचा ड्रायव्हर. तिथले मोठे बागायतदार आप्पा, त्यांच्या गाडीवर तो होता. आप्पांच्या घरी लग्न होतं, म्हणून नवा सबवूफर बसवायला तो गाडी घेऊन नानांकडे आला. सोबत आप्पांची आई. सगळं रीतसर झालं. म्हातारीने उत्तर दिलं, लाल थेंब पडला, गाडी गेली. लग्न पार पडलं आणि काही आठवड्यांत सबवूफर जळला.

प्रल्हाद तो घेऊन आला. नानांनी वास घेतला, सील बघितलं. सील शाबूत. “मंग समोरून बास वाढवेल व्हई,” नाना म्हणाले. म्हणजे डॅशबोर्डवरच्या बटणावरून खालचा आवाज वाढवला असणार.

“नाना, शपथ सांगतो. मी हात लावला नाही.”

“हात लाया बिगर जळस का?”

नानांनी कॉइल बदलून दिली. ती पुन्हा जळली. या वेळी नानांनी प्रल्हादशी बोलणंच टाळलं. त्याच्या देखतच आप्पांना फोन लावला आणि सांगितलं, “आप्पा, गाडीत दोष नाही. ड्रायव्हरचा हात जड आहे.”

त्या भागात स्पीकरच्या बाबतीत नानांचा शब्द शेवटचा. आप्पांनी प्रल्हादला गाडीवरून उतरवलं. खरं वाईट त्यानंतर झालं. गावच्या नाक्यावर, जिथे सगळे ड्रायव्हर चहाला थांबतात, तिथे त्याचं नाव ‘जाळ्या’ पडलं. “जाळ्याला किल्ली देऊ नका रे, इंजिन फुंकून टाकेल.” ड्रायव्हरची सगळी पत त्याच्या हातावर असते, हाताचं नाव गेलं की दुसरा मालकही गाडी देत नाही. प्रल्हाद केळीचे घड वाहायला जाऊ लागला.

पावसाळा सरत आला तेव्हा आप्पा स्वतः गाडी चालवत नानांच्या दारात आले. मी शाळेतून नुकताच परतलो होतो. सबवूफर तिसऱ्यांदा जळला होता.

नानांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. “जवळ कोण व्हतं?”

“कोणी नाही बाप्पा. मीच होतो.”

“शेवटलं गाणं?”

“भजन. आईला देवाला नेत होतो. तेही हळूच.”

 नानांनी डिकी उघडली, सील बघितलं, जळलेल्याच्या जागी दुकानातला चांगला सबवूफर जोडला. मग मीटरचं एक टोक बॅटरीवर आणि दुसरं ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगवर धरून त्यांनी मला गाणं लावायला सांगितलं. अर्थिंग म्हणजे गाडीच्या पत्र्याला नटाने आवळलेली काळी वायर. वीज परत जायची वाट. मीटरचा काटा हलायला नको होता, तो प्रत्येक ठोक्याला हलत होता. नानांनी नट सोडला, वायरचं कडं उचललं आणि तसेच वाकलेले राहिले.

कड्याखाली लाल रंग होता. नेलपॉलिश.

मला काही कळलं नाही, पण त्यांना सगळं कळलं होतं. अर्थिंगचा नट आवळून झाला की नाना त्यावरही सीलचा थेंब टाकत, कुणी सोडू नये म्हणून. आधी नट, मग थेंब. लग्नाआधी सबवूफर बसवला त्या दिवशी दुकान भरलेलं होतं, सरकीची गोष्ट रंगात आली होती, आणि बोलण्याच्या भरात त्यांनी आधी थेंब टाकला आणि मग नट आवळला. रंग कड्याखाली उतरून पत्र्यावर पसरला. वीज जाण्याची वाट अर्धी बंद झाली, ॲम्प्लिफायर उपाशी राहिला, हळू आवाजही फाटू लागला, आणि कॉइल जळत गेली. कोणी बटणाला हात न लावता.

“काय झालं नाना?” आप्पांनी विचारलं.

नाना सरळ झाले. “कारण सापडनं,” एवढंच म्हणाले. पत्र्यावरचा रंग खरवडून काढला, जुना नट खिशात टाकला आणि त्या जागी नवा लावून दिला. आप्पा जायला निघाले तेव्हा नानांनी विचारलं, “दसऱ्याला गाड्या कुठे पुजता?”

“वाड्यासमोर. सगळं गाव असतं.”

“मी येतो.”

दसरा म्हणजे नानांच्या धंद्याचा वर्षातला मोठा दिवस. नव्या गाड्या त्या दिवशी बाहेर पडतात आणि पूजा झाली की सरळ स्पीकर बसवायला येतात. त्या सकाळी नानांनी शटर अर्ध्यावरून खाली ओढलं. टायरवाला ओरडला, “नाना, लक्ष्मी दारात उभी आणि तुम्ही कुठे?” नानांनी कुलूप लावलं. शाळेला सुट्टी होती. मला म्हणाले, “चाल मास्तर. साक्षीदार पाहिजे.”

एसटीने जळगाव आणि तिथून पुढे.   वाटभर नाना मध्येच कंगवा काढून केस नीट करत आणि खिशातला नट चाचपत.

आप्पांच्या दारात गाड्या, ट्रॅक्टर, पंप, सगळं धुऊन उभं होतं. झेंडूचे हार, हळदकुंकू, बायका, मजूर, पोरं. आप्पांना आनंद झाला. “नाना, एवढ्या दूर कायले आले? फोन केला असता.”

“फोनवर त्याचं नाव खराब केलं,” नाना म्हणाले. “फोनवर ते परत येत नही. प्रल्हादला बोलवा.”

प्रल्हाद आला. सणाचा दिवस असूनही त्याच्या शर्टावर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग होते. ते धुऊन जात नाहीत. तो लांबच उभा राहिला. नानांनी त्याला जवळ यायला सांगितलं नाही. स्वतःच चालत त्याच्यापर्यंत गेले, आणि तिथून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

“हाऊ नट देखा. हाई लाल शे ना, हाई मन्हं सील शे. मी आधी सील लावं, मंग नट आवळा. स्पीकर मी जाळात. तिन्ही. प्रल्हादना हात जड नही. मन्हा हात चुकना.”

 मग मागून नाक्यावरचा एक जण म्हणाला, “नाना, तुमच्या भिंतीवर मारणाऱ्याचं नाव लिहितात म्हणे. आता कोणाचं लिहाल?”

थोडे लोक हसले. नानांनी माझ्याकडे बोट केलं. “लिखणारा बरोबरच आणेल शे. त्याले इचार.”

मग सगळे हसले, पण ते हसणं वेगळं होतं. प्रल्हाद तेवढा हसला नाही. तो आपल्या तळव्यांकडे बघत होता. “नाना,” तो हळूच म्हणाला, “इतके महिने मीच विचार करत होतो, माझा हात खरंच जड आहे का.”

नानांनी त्याचे दोन्ही हात धरले. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला चिकाचा डाग लागला. तो त्यांनी पुसला नाही.

आप्पा चांगला माणूस. त्यांनी तिथेच किल्ली पुढे केली. “घे बाप्पा. पूजा झाली की नानांना जळगावला तूच सोड.”

आम्ही निघालो. नाना पुढे बसले, मी मागे. नाक्यावर सगळे ड्रायव्हर सणाचे कपडे घालून उभे होते. प्रल्हादने गाणं लावलं होतं, हळू. नाक्याच्या अलीकडे नाना म्हणाले, “वाढव.”

“नाना, सील?”

“समोरून वाढव. मी शे ना.”

प्रल्हादने वाढवलं. चहाच्या टपरीवरचे ग्लास थरथरले. कुणीतरी ओरडलं, पण ‘जाळ्या’ म्हणून नाही, नावाने ओरडलं. नानांनी खिडकीतून हात बाहेर काढून, एखाद्या प्रमुख पाहुण्यासारखा, सगळ्यांना नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी मला खाली बोलावणं आलं. आप्पांचा जळलेला सबवूफर नानांनी स्वतः टांगला होता. वर कोपऱ्यात नाही, गल्ल्याच्या शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर. “लिख,” ते म्हणाले. “भिकननाना. आधी सील, मंग नट.” टायरवाल्याने समजावलं, अहो, गिऱ्हाईक काय म्हणेल? धंद्याला बरं नाही. नाना म्हणाले, “काय म्हणी? भिकननानानी चूक सोधाले भिकननानाच लागना, असं म्हणी.” मी आधीच सांगितलं, नाना नम्र नव्हते. पुढे नवीन गिऱ्हाइकाला ते सरकीच्या आधी हीच गोष्ट सांगू लागले, आणि सांगताना हातातलं काम बाजूला ठेवत.

मला पुढे बोदवडला दुसऱ्या शाळेत नोकरी लागली, संसार झाला. धुळ्याला जाणं कमी झालं. यंदा एका कामाने गेलो तेव्हा गल्लीत शिरलो. भिंत जवळजवळ भरली आहे. नव्या स्पीकरांवरचं अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी आहे, माझ्यापेक्षा चांगलं.

दारात एक जुनी पण स्वच्छ धुतलेली जीप उभी होती. तिच्या मालकाचे केस कानशिलांवर पिकले होते. तो वळला तेव्हा ओळखला. प्रल्हाद. गाडी स्वतःची. मागच्या सीटवर नऊवारीतली एक म्हातारी, चपला बाहेर काढून, पाय जवळ घेऊन बसलेली. नाना डिकीपाशी गुडघ्यांवर होते. मेंदी सुटली आहे, केस पांढरे आहेत, शर्ट तेवढाच पांढरा. त्यांनी मला पाहिलं नाही. पान्याने अर्थिंगचा नट आवळला, पुन्हा एकदा आवळून बघितला, आणि प्रल्हादला बोट लावून तो हलत नाही हे बघायला लावलं.

“माय,” त्यांनी साध्या आवाजात विचारलं, “जेवण व्हयनं का?”

गाणं चालू होतं. खालचा जाड आवाज मला रस्त्यावर पायांत जाणवत होता.

“व्हयनं रे भाऊ,” म्हातारी तितक्याच साध्या आवाजात म्हणाली. “तुन्हं?”

तेव्हा नानांनी खिशातून लाल बाटली काढली, गेनच्या स्क्रूवर एक थेंब सोडला, नटावर एक सोडला, आणि वाकून दोन्हींवर हळूच फुंकर घातली.